झाकणाखालचे काम : कणकवली ते चोपडा

या प्रवासाचा विषय एकच होता. खेड्यातल्या शौचालयाचे जमिनीखालचे काम कोण करतो, आणि ते नीट करणारा माणूस सापडत का नाही? २ ऑक्टोबर २०१४ला स्वच्छ भारत मिशन सुरू झाले आणि २०१९च्या त्याच तारखेपर्यंत देशाच्या ग्रामीण भागात दहा कोटींहून अधिक शौचालये बांधली गेली. घरटी १२,००० रुपये प्रोत्साहन, त्यात केंद्राचे ७,२०० आणि राज्याचे ४,८००. पैसा आला, नकाशे आले. प्रत्येक मातीत तो नकाशा कसा उतरवायचा हे जाणणारे हात मात्र त्या वेगाने तयार झाले नाहीत. महाराष्ट्रात जांभा, मुरूम, काळा कातळ आणि काळी माती हे सगळे एका रस्त्यात भेटते, म्हणून दक्षिणेकडून उत्तरेकडे असा मार्ग धरला. महिना फेब्रुवारी अखेरचा, होळीच्या आधीचा.

पहिला दिवस : कणकवली

सुरुवात गोपुरीपासून. कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८मध्ये कणकवलीजवळ हा आश्रम उभारला. मैला हाताने उचलण्याचे काम माणसाच्या डोक्यावरून उतरायचे असेल, तर संडासाची रचना बदलली पाहिजे, हे त्यांनी स्वतः ते काम करून ओळखले आणि मैल्याचे जागेवर खत होईल अशा संडासाचे प्रयोग केले. आज गावोगाव बांधायला सांगितले जाणारे दोन शोषखड्ड्यांचे शौचालय त्याच विचाराच्या जवळचे आहे. एक खड्डा भरला की तो बंद करायचा आणि दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मैल्याचे कोरडे, वास नसलेले खत होते.

कणकवलीच्या आसपासच्या वाड्यांत खड्डा चिऱ्याचा बांधतात. चिरा म्हणजे जांभ्याचा कापीव दगड, साधारण चौदा इंच लांब, नऊ इंच रुंद, सात इंच उंच. तो सरळ असल्याने खड्डा चौकोनी होतो आणि नऊ इंची भिंतीला ते चालून जाते. अडचण वेगळीच आहे. शोषखड्ड्याची भिंत जाळीदार हवी, म्हणजे एक थर सलग आणि त्यावरच्या थरात दोन चिऱ्यांमध्ये दीड-दोन इंचांची फट. पाणी त्या फटींतून मातीत जाते. नळी ज्या उंचीवर खड्ड्यात शिरते त्याच्या वरचा भाग मात्र सलग, सिमेंटमध्ये. घरे बांधून हात बसलेल्या गवंड्याला ही फट सोडणे पटत नाही. आयुष्यभर त्याने सांधा भरायला शिकलेले असते. मालकही विचारतो, ‘मिस्त्री, एवढी भोकं कशाला ठेवलात?’ मग गवंडी सांधे भरून टाकतो. खड्ड्याचे टाके होते, पाणी मुरत नाही आणि दोन पावसाळ्यांत भांड्यातून पाणी उलटे येऊ लागते. घरबांधणीतला चांगला गवंडी शोषखड्डा चुकवू शकतो, तो असा.

कोकणातली दुसरी गोष्ट पाण्याची. फेब्रुवारीत खणलेला खड्डा ठणठणीत कोरडा दिसतो. तोच ऑगस्टमध्ये अर्धा भरतो. जाणता गवंडी खणण्याआधी शेजारच्या विहिरीत डोकावतो आणि कठड्याखाली पावसाळ्यातल्या पाण्याची रेघ कुठे आहे ते बघतो. खड्ड्याचा तळ त्या रेघेच्या निदान दोन मीटर वर राहिला, तर काम सोपे. नाही राहिला तर विहिरीपासूनचे अंतर किमान दहा मीटर धरायचे आणि खड्डा जमिनीच्या वर उचलून बांधून भोवती मीटरभर रुंद मातीची भर घट्ट ठोकायची. उचललेल्या खड्ड्यात नळीला उतार मिळावा म्हणून शौचालयाचा जोताही तेवढाच उचलावा लागतो. हे आधी न ठरवता जोता घालून टाकला, तर नंतर काही करता येत नाही.

जांभ्याला आतून बिळे असतात. पाणी त्यातून गाळल्याशिवाय पळते आणि थेट विहिरीला भेटते. अशा ठिकाणी भिंतीबाहेर अर्धा मीटर जाडीचा बारीक वाळूचा थर आणि तळाला पक्के काँक्रीट हा उपाय आहे. बारीक वाळूचा थर असला की भिंतीतल्या फटी दीड-दोन इंच ठेवायच्या नाहीत, अर्ध्या इंचावर आणायच्या, नाहीतर वाळू आत ओघळते. एका गावातल्या चार वाड्यांत चार वेगळे निर्णय घ्यावे लागतात आणि ते घेणारा माणूस बहुतेक वेळा तिथे नसतो. इथले तरुण गवंडी मुंबईत किंवा गोव्यात. त्यांच्या जागी कर्नाटकातून आलेल्या टोळ्या काम करतात. त्यांचा हात चांगला असतो, पण या विहिरी त्यांनी पावसाळ्यात पाहिलेल्या नसतात.

दुसरा दिवस : देहू

फोंडा घाटाने वर चढून कोल्हापूरमार्गे पुणे गाठले आणि दुपारी देहू.

१९६०च्या सुमारास डॉ. श्रीकृष्ण मापुसकर देहूच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले. रुग्ण तेच ते, आजार तेच ते, आणि त्याचे मूळ उघड्यावरच्या शौचात. त्यांनी पुढाकार घेऊन बांधून घेतलेली सुरुवातीची काही शौचालये पहिल्याच पावसाळ्यात ढासळली. गावाचा विश्वास उडाला आणि तो पुन्हा मिळवायला वर्षे गेली. पुढे त्यांनी साध्या, टिकाऊ रचना अभ्यासल्या, मैल्यावर चालणाऱ्या बायोगॅसच्या रचनेवर काम केले आणि गाव बदलले. २०१७मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पहिल्या फळीतली दहा शौचालये वाईट झाली की पुढच्या शंभरांचा रस्ता बंद होतो, हे देहूने साठ वर्षांपूर्वी दाखवले. तरीही नव्या योजनेत पहिले काम नेहमी सगळ्यात घाईचे आणि सगळ्यात कच्च्या हाताचे असते.

संध्याकाळी वाटेवरच्या एका बांधकाम साहित्याच्या दुकानात भांडी पाहिली. पांढरी, निळी, गुलाबी. सगळी शहरी. ग्रामीण शौचालयाचे भांडे वेगळे असते. त्याच्या तळाला २५ ते २८ अंशांचा तीव्र उतार असतो आणि ट्रॅपमध्ये, म्हणजे भांड्याखालच्या वाकड्या नळीत, वास अडवणारे पाण्याचे सील फक्त २० मिलिमीटरचे. दीड-दोन लिटर पाण्यात ते साफ होते. शहरी भांड्याचा उतार कमी, सील ५० मिलिमीटरचे, त्याला प्रत्येक वेळी बादलीभर म्हणजे दहा लिटरच्या आसपास पाणी लागते. दुकानदार ग्रामीण भांडे ठेवत नाही, कारण कोणी मागत नाही. गवंडी मागत नाही, कारण त्याला फरक कोणी सांगितलेला नाही. हा फरक शेवटी बाईच्या डोक्यावर येतो. हंड्याने पाणी आणणाऱ्या घरात पाच माणसांनी दिवसातून एकदा शौचालय वापरले, तरी दहा लिटरऐवजी पन्नास लिटर आणावे लागतात. खड्ड्यातही तेवढेच जास्त पाणी जाते. उन्हाळा आला की घरातले पुरुष पुन्हा ओढ्याकडे निघतात आणि सरकारी माणूस म्हणतो, लोकांची मानसिकता नाही. ‘गुड मॉर्निंग पथके’ पाठवून लाजवण्यापेक्षा दुकानात योग्य भांडे ठेवले असते, तर अधिक घरे टिकली असती.

भांडे बसवण्यातली नेहमीची चूक ट्रॅपमध्ये होते. ट्रॅप जरा कलता बसला की सील निम्मे होते किंवा उरतच नाही. मग खड्ड्यातला वास सरळ घरात. भांडे लेव्हलमध्ये धरायचे, खाली विटांचा पक्का आधार द्यायचा, पाणी ओतून ट्रॅपमध्ये काडी घालून सील मोजायचे, ओल्या कागदाचा गोळा टाकून दोन लिटरमध्ये तो वाहून जातो का ते पाहायचे आणि मगच भोवती काँक्रीट घालायचे. फरशीला भांड्याकडे हलका उतार द्यायचा. तपासायला पाच मिनिटे लागतात. काँक्रीट घातल्यावर तीच चूक दुरुस्त करायची म्हणजे भांडे फोडण्याशिवाय इलाज नाही.

या पट्ट्यात शोषखड्ड्यालाही उंच गॅस पाईप लावलेला सर्रास दिसतो. तो सेप्टिक टँकला लागतो. शोषखड्ड्यातला वायू जाळीतून मातीत शोषला जातो, त्याला पाईप लागत नाही. लावला तर वास बाहेर येतो आणि पाईपच्या तोंडाला जाळी नसेल तर डास आत-बाहेर करतात.

तिसरा दिवस : गोवर्धन, नाशिक

चाकण, नारायणगाव, संगमनेर करत नाशिक. गंगापूर रस्त्यावरचे गोवर्धन हे गाव शौचालय-तंत्राच्या प्रशिक्षणासाठी महाराष्ट्रभर माहीत आहे, ते इथल्या निर्मल ग्राम निर्माण केंद्रामुळे. इथे बोलणे फिरून फिरून एकाच मुद्द्यावर येत होते : गवंड्याला शिकवायचे किती, आणि शिकवलेला टिकवायचा कसा.

प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण गवंड्याचे प्रशिक्षण ४५ दिवसांचे असते आणि ते प्रत्यक्ष घर बांधता बांधता दिले जाते. शौचालयांच्या मोहिमेत गवंड्यांच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी काही दिवसांचा वर्ग आला, त्यातला बराच वेळ भाषणांत गेला. शोषखड्डा कागदावर शिकता येत नाही. आमच्या मते किमान चार गोष्टी गवंड्याने स्वतःच्या हाताने करून दाखवल्याशिवाय त्याला प्रमाणपत्र देऊ नये.

पहिली, माती ओळखणे. वाळूची माती दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे ५० लिटर पाणी शोषते, गाळाची भुसभुशीत दुमट ३०, बारीक पोयटा २० आणि घट्ट चिकणमाती फक्त १०. खड्ड्याचा आकार या आकड्यावर ठरतो. गवंड्याच्या सवयीवर किंवा ‘मोठा खड्डा म्हणजे चांगला खड्डा’ या समजुतीवर तो ठरवू नये.

दुसरी, खड्डा आखून बांधणे. पाच-सहा माणसांच्या घराला आतून एक मीटर व्यासाचा, नळीच्या तळापासून खाली एक मीटर खोल खड्डा पुरतो. त्याचे आकारमान ०.७८५ घनमीटर होते. माणशी वर्षाला ०.०४५ घनमीटर साठते असे धरले, तर पाच माणसांना साडेतीन वर्षे. चार इंची वीटकाम, एकास सहा मसाला, एका खड्ड्याला दोनशे-सव्वादोनशे विटा. मध्ये खुंटी ठोकून दोरीने वर्तुळ मारायचे आणि प्रत्येक थराला त्याच दोरीने तपासायचे. गोल खड्डा मातीचा दाब चारी बाजूंनी सारखा घेतो. अंडाकृती झाला तर चपट्या बाजूने आत कोसळतो. दोन खड्ड्यांमध्ये निदान खड्ड्याच्या खोलीइतके अंतर, नाहीतर चालू खड्ड्याचे पाणी बंद खड्ड्यात झिरपून तो कधीच कोरडा होत नाही. तळ बांधायचा नाही, जांभ्यासारखी अपवादाची जागा सोडून.

तिसरी, चेंबर. सगळ्यात जास्त शौचालये इथे मरतात. फूटभर लांबी-रुंदीचे छोटेसे चेंबर, त्यातून इंग्रजी वायच्या आकारात दोन खड्ड्यांकडे दोन वाटा फुटतात. चेंबरच्या तळाला गुळगुळीत घोटलेली अर्धगोल पन्हळ हवी. तळ सपाट सोडला की मैला तिथेच बसतो आणि तुंबतो. दोन वाटांपैकी एक विटेचा तुकडा आणि माती लावून बंद करायची असते. आम्ही पाहिलेल्या अनेक चेंबरांत दोन्ही वाटा उघड्या होत्या. दोन्ही खड्डे एकदम भरतात, मग दोन खड्डे बांधून काय मिळाले? काही ठिकाणी चेंबरवर फरशी बसवून टाकलेली होती, तर काही ठिकाणी बंद वाट सिमेंटने पक्की केलेली, म्हणजे खड्डा भरला की छिन्नी-हातोडा घेऊन बसा. नळीला १५ला १ पेक्षा कमी उतार चालत नाही. दोन मीटर नळीला तेरा-चौदा सेंटिमीटर. नळी खड्ड्यात चार इंच पुढे यायला हवी, नाहीतर पाणी भिंतीवरून ओघळून वीटकाम खाते.

चौथी, वापरात नसलेल्या शौचालयातला बांधकामाचा दोष शोधणे. हे शिकवले कुठेच जात नाही.

आता पैशाचे बोलू. एका शौचालयात कुशल गवंड्याचे काम चार-पाच दिवसांचे, तेही तुटक. खड्डा बांधला की थांबा, स्लॅब टाकला की थांबा. नाशिकच्या नाक्यावर त्याच गवंड्याला एका इमारतीवर सलग सहा महिने हजेरी मिळते. त्यामुळे तो शिकतो आणि शहरात जातो. गावात कामे उक्ती घेणारा ठेकेदार येतो, पन्नास-साठ शौचालये एकदम अंगावर घेतो, गवंड्याला भिंती आणि स्लॅबवर लावतो आणि खड्डा बिगाऱ्यावर सोडतो. ज्या भागाला सगळ्यात जास्त ज्ञान लागते, तो भाग सगळ्यात कमी शिकलेल्या हाताकडे जातो. पैसे सुटतात ते पूर्ण झालेल्या शौचालयासमोर उभ्या असलेल्या लाभार्थ्याच्या फोटोवर. फोटोत दार दिसते, रंग दिसतो. खड्डा दिसत नाही.

ही टंचाई आपल्यापुरती नाही. आंतरराष्ट्रीय जल संघटनेने २०१४मध्ये पंधरा विकसनशील देशांतल्या पाणी-स्वच्छतेच्या मनुष्यबळाचा आढावा घेतला. त्यातल्या दहा देशांत मिळून सर्वांपर्यंत सेवा पोहोचवायला आणखी ७,८७,२०० प्रशिक्षित माणसे लागतील असा हिशेब निघाला. तिथल्या अभियंत्यांपासून पंप दुरुस्त करणाऱ्यांपर्यंत सगळे त्यात आले.

जिथे उत्तर शोधले गेले, तिथे ते बायकांकडून आले. केरळात १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्रिशूर भागात शौचालये बांधण्यासाठी बायकांना गवंडीकाम शिकवले गेले. झारखंडमध्ये स्वच्छ भारत मिशनच्या काळात बचतगटांतल्या बायका ‘रानी मिस्त्री’ म्हणून उभ्या राहिल्या आणि त्यांनी गावेच्या गावे पूर्ण केली. कारण साधे आहे. गावात टिकून राहणारा हात त्यांचा आहे, आणि काम बिघडले तर त्याचा त्रासही पहिल्यांदा त्यांनाच.

चौथा दिवस : धडगाव

नंदुरबार, शहादा आणि मग सातपुड्याचा घाट. धडगाव तालुक्यात घर म्हणजे पाड्यावर, आणि एका पाड्यातली दोन घरे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असतीलच असे नाही. टेम्पो रस्त्यापर्यंत येतो. पुढे सिमेंटची गोणी, विटा, वाळू डोक्यावर. खड्ड्याच्या चारशे-साडेचारशे विटा, भिंतीच्या वेगळ्या. वीट चढावर नेणे परवडत नाही म्हणून ठेकेदार सिमेंटच्या कड्या पाठवतो, तीन फूट व्यासाच्या, फूटभर उंच. चार कड्यांचा एक खड्डा. अनेक कड्यांना भोकेच नसतात. साच्यात भोकांसाठी नळीचे तुकडे ठेवावे लागतात, तेवढी तसदी कारखान्यावर घेतलेली नसते. पाणी न मारता लगेच लादलेल्या कड्या वाटेतच तडकतात. पाड्यावर बिनभोकांची कडी आलीच, तर ती परत पाठवणे शक्य नसते. तेव्हा दोन कड्यांच्या सांध्यात खडीचे तुकडे ठेवून अर्ध्या इंचाची फट सोडायची आणि सांधा मसाल्याने भरायचा नाही. पाण्याला निदान तेवढी वाट मिळते.

इथे खणताना दोन फुटांवर काळा कातळ लागतो. सुरुंगाला परवानगी आणि पैसा लागतो, आणि फोडलेल्या कातळाच्या भेगांतून मैलापाणी झऱ्याकडे जाण्याची भीती वेगळी. उपाय आडवा आहे : खोली कमी, व्यास जास्त. साठ सेंटिमीटरच खणता येत असेल, तर तेवढ्याच आकारमानासाठी व्यास १.३ मीटर घ्यावा लागतो. तेवढ्याने भागले नाही तर वरचा भाग दगडांनी जमिनीवर उचलायचा आणि भोवती मुरमाची भर द्यायची. इथल्या घरांचे जोते उतारावर असतात, त्यामुळे वरच्या अंगाला शौचालय आणि खालच्या अंगाला खड्डा ही रचना फार सोपी जाते. मात्र झरा कुठल्या अंगाला आहे ते आधी पाहायचे. पावसाळ्यात डोंगरावरून येणारे पाणी खड्ड्यावरून जाऊ नये म्हणून वरच्या बाजूला चर काढायचा. ज्या नकाशावरून कामे झाली त्यात चर नव्हता, कारण तो नकाशा सपाट जमिनीचा होता.

एका पाड्यावर नवे शौचालय लाकूडफाटा ठेवायला वापरात होते. घरातल्या आजीबाईंना कारण विचारले, तर म्हणाल्या, ‘पाणी खालून आणायचं, भाऊ. आणि गेल्या पावसात त्याच्यातून पाणी वर आलं.’ खड्डा उघडून पाहिला तेव्हा तो अडीच फुटांचा निघाला, एकच, आणि तळाला कातळ.

गवंडी विचाराल तर या दिवसांत गावात नसतो. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला, सुरतेकडे बांधकामाला जातात. बांधकामाचा हंगाम आणि स्थलांतराचा हंगाम एकच आहे. पावसाळ्यात माणसे असतात तेव्हा खणता येत नाही, कोरड्यात खणता येते तेव्हा माणसे नसतात. होळीला मात्र सगळे परततात. भोंगऱ्या बाजार भरतो, काठी गावच्या राजवाडी होळीला डोंगर लोटतो. होळीनंतर पावसापर्यंतचे दिवस इथे खरे कामाचे. साहित्य होळीआधी पाड्यावर पोहोचले आणि आधीच निवडलेल्या गवंड्यांचे प्रशिक्षण होळीनंतर लगेच पाड्यावरच सुरू झाले, तर कामे होतील. निधी मार्चअखेरीला खर्च करण्याच्या घाईत साहित्य आणि माणसे यांची गाठ पडत नाही.

पाचवा दिवस : चोपडा

सातपुडा उतरून शिरपूरमार्गे तापीच्या खोऱ्यात आलो की जमीन पूर्ण बदलते. खोल काळी माती, केळीच्या बागा. शेतकऱ्याला हवी तशी, शोषखड्ड्याला सर्वांत कठीण.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगताना ती खड्ड्याची भिंत आत ढकलते, आकसताना नळीचा सांधा तोडते. पाणी तर फार थोडे घेते. इथे हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ग्रामीण भांडे असेल तर माणशी रोज साडेनऊ लिटर पाणी खड्ड्यात जाते, पाच माणसांचे साडेसत्तेचाळीस. एक मीटर व्यास आणि एक मीटर खोल खड्ड्याच्या भिंतीचे क्षेत्र ३.१४ चौरस मीटर. दुमट मातीत ते ९४ लिटर पाणी घेईल, चिंताच नाही. काळ्या मातीत फक्त ३१ लिटर. रोज सोळा लिटर पाणी मुरायचे राहते. खड्डा दीड महिन्याच्या आसपास पाण्याने भरतो आणि घरमालक म्हणतो, खड्डा लवकर भरला. मैल्याने तो भरलेलाच नसतो.

उपाय भिंतीबाहेर आहे. चार इंची वीटकामासह खड्ड्याचा बाहेरचा व्यास १.२३ मीटर. त्याच्या भोवती आणखी ३० सेंटिमीटर जास्त खणायचे, म्हणजे खोदाईचा व्यास १.८३ मीटर, आणि मधली पोकळी वाळू, बारीक खडी किंवा विटांच्या तुकड्यांनी भरायची. आता पाणी मातीला भेटते ते १.८३ मीटरच्या वर्तुळावर, ५.७५ चौरस मीटरवर. तीच काळी माती आता रोज ५७ लिटर घेते. शिवाय मातीचे फुगणे त्या भरावात जिरते आणि भिंतीवर दाब येत नाही. एका खड्ड्याला अर्धा ब्रास (पन्नास घनफूट) भराव लागतो, दोन्ही मिळून एक ब्रास. हा एक ब्रास बहुतेक ठिकाणी टाकलेलाच नसतो. उक्त्या कामात सगळ्यात आधी तोच वाचवला जातो, कारण झाकण पडल्यावर तो आहे की नाही हे कळत नाही. शहरी भांडे बसवले असेल तर हा भरावही पुरत नाही, आणि मोरीचे पाणी खड्ड्यात सोडले तर काहीच पुरत नाही. मोरीसाठी वेगळा शोषखड्डा किंवा परसबाग.

या कोड्यावर इथल्या लोकांनी स्वतःचे उत्तर काढलेय : दहा फूट खोल, सहा फूट रुंद एकच खड्डा. खोलवर पांढरी माती किंवा मुरूम लागला की पाणी मुरते, आणि ‘माझा खड्डा पंधरा वर्षे भरत नाही’ हे अभिमानाने सांगता येते. पण तो खड्डा भूजलाच्या फार जवळ जातो आणि कधी ना कधी भरतोच. भरल्यावर त्यातला ताजा आणि जुना मैला एकत्र असतो, म्हणून तो हाताने काढता येत नाही आणि काढूही नये. २०१३च्या कायद्याने तसे काम करून घेणे गुन्हा आहे. मैला उपसणारी गाडी तालुक्याच्या गावातून येते, आली तर. तिचा पाईप बोळात पोहोचत नाही, आणि उपसलेले नेमके कुठे रिकामे करायचे याची सोय असतेच असे नाही.

सहावा दिवस : चोपडा परिसर

स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात एका खड्ड्याच्या शौचालयांना दुसरा खड्डा जोडण्यावर भर दिला गेला. हे काम नव्या बांधकामाहून नाजूक आहे. त्यासाठी लागणारा गवंडी नव्या कामाच्या गवंड्याहून दुर्मिळ.

जुना खड्डा चार-पाच फुटांचा आणि जाळीदार असेल, तर पद्धत सरळ. जुन्यापासून किमान मीटरभर अंतर सोडून नवा खड्डा खणायचा. माती ओली आणि सुटी असेल तर अंतर वाढवायचे, कारण भरलेल्या खड्ड्याची बाजू खोदाईत ढासळू शकते. खड्डा बांधून, काळ्या मातीत भराव टाकून, झाकण टाकून घ्यायचे. मग जुन्या नळीवर, शौचालय आणि खड्डा यांच्या मध्ये, चेंबर बांधायचे. नळी तोडण्याच्या दिवशी घरच्यांना सकाळीच सांगून ठेवायचे. जुन्याकडची वाट मातीने बंद करायची, नवीन चालू करायची, आणि जुन्याच्या झाकणावर तारीख कोरायची. दोन वर्षे ते उघडायचे नाही.

जुना खड्डा दहा फुटांचा आणि पाण्यात असेल तर त्यातला मैला कोरडा होणार नाही. तो जोडीतला एक म्हणून धरू नये. गाडीने उपसून, मातीने भरून कायमचा बंद करावा आणि दोन नवे उथळ खड्डे बांधावेत. खर्च वाढतो हे खरे. पण तो खड्डा ‘पहिला’ म्हणून नोंदवून एकच नवा बांधण्याची पद्धत आम्हाला धोकादायक वाटते, कारण दोन-तीन वर्षांनी कोणीतरी तो विश्वासाने उघडेल. सेप्टिक टँक असेल तर त्याचा निचरा गटारात सोडलेला असतो. तिथे निचऱ्याला शोषखड्डा आणि टाकीला छपराच्या वर जाणारा, जाळी लावलेला गॅस पाईप एवढे केले तरी पुष्कळ. टाकीत कुठल्याही कारणाने उतरायचे नाही, खराटा पडला म्हणूनही नाही. आत साचलेल्या वायूने माणूस क्षणात शुद्ध हरपतो आणि काढायला गेलेला दुसराही तिथेच राहतो.

नियमाप्रमाणे बंद राहिलेला खड्डा मात्र निर्भयपणे उघडता येतो. फेब्रुवारी २०१७मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात केंद्राचे पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी आतले खत बाहेर काढून दाखवले. केळीच्या या मुलखात त्या खताला शेत शोधावे लागणार नाही.

दुपारी एका गावात अशा जोडणीच्या कामावर दोन बहिणी गवंडीकाम करत होत्या. धाकटी दोरीने वर्तुळ तपासत होती, थोरली चेंबरची पन्हळ घोटत होती. दराविषयी विचारले. ‘शौचालयामागं उक्तं देतात,’ थोरली म्हणाली, ‘त्यात खड्ड्याचे वेगळे काही नाही.’ तिचे म्हणणे होते की दर तुकड्यांत बांधून द्यावा : माती तपासून आखणी, खड्डा व भराव, चेंबर आणि उतार, भांडे आणि सील, मग वरचे बांधकाम. प्रत्येक तुकड्याचे पैसे झाकण पडण्याआधी दुसऱ्या गवंड्याने पाहून सोडावेत, आणि फोटो उघड्या खड्ड्याचा असावा, मोजपट्टीसकट. वर्षाकाठी गावातल्या ठरावीक शौचालयांची तपासणी आणि वाट बदलण्याचे काम ग्रामपंचायतीने त्याच गवंड्याकडे हजेरीवर द्यावे, म्हणजे तुटक कामाला सलग उत्पन्नाची जोड मिळेल. वित्त आयोगाच्या शिफारशीने ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या निधीत स्वच्छतेसाठी बांधील हिस्सा आहे, तेव्हा त्यासाठी नवी योजना लागत नाही, ग्रामसभेचा ठराव लागतो. त्या ठरावाचा मसुदा या बहिणींच्या बचतगटाने लिहून ग्रामसेवकांकडे दिला होता. त्यात दुकानदाराने २० मिलिमीटर सीलची भांडी ठेवावीत, अशीही एक ओळ होती.